इचलकरंजीतून मुंबईला: कमर्शियल लिटिगेशन आणि एनसीएलटीत जावं का?

सूतपेठेतला वकील

नमस्कार मंडळी. इचलकरंजी कोर्टात प्रॅक्टिस करतो, वय २९. एलएलबी कोल्हापुरातून, सनद घेतल्यापासून एकाच सीनियरांकडे आहे. सर दिवाणीतले जुने जाणते, त्यामुळे वाटपाचे दावे, मनाई, भाडेकरू हे सगळं हाताखालून गेलं. पण माझी स्वतःची चूल पेटते ती १३८ वर, म्हणजे चेक न वटल्याच्या केसवर. सूत व्यापाऱ्यानं उधारीवर सूत दिलं, मागवाल्यानं चेक दिला, चेक परत आला, नोटीस, केस. गावात मंदी आली की आमच्याकडं तेजी.

मध्यंतरी एक सूत व्यापारी आला. भिवंडीच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडून त्याचं कोटीच्या वर येणं. चेकची केस टाकली. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलानं एनसीएलटीची (कंपन्यांच्या दिवाळखोरीचं ट्रिब्युनल) ऑर्डर कोर्टापुढं ठेवली: कंपनीला मोरेटोरियम लागलाय, म्हणजे तिच्याविरुद्धच्या वसुलीला स्थगिती. कंपनीपुरती केस जागेवर थांबली. पार्टी बाहेर आल्यावर विचारते, "साहेब, आता माझ्या पैशाचं?" मला धड उत्तर देता आलं नाही. ऑर्डर घरी नेऊन वाचत बसलो आणि खरं सांगतो, वाचताना मजा आली. इतकी मजा मला वाटपाच्या दाव्यात कधी आली नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे की मुंबईला जावं, एखाद्या ऑफिसात कमर्शियल आणि इन्सॉल्व्हन्सीचं काम शिकावं. पण शंकाही आहेत. २९ व्या वर्षी पुन्हा ज्युनिअर व्हायचं? इंग्रजीत ड्राफ्टिंग जेमतेम येतं, उभं राहून बोलायची तर धास्तीच. घरी आई-वडील, लग्न ठरतंय. इथं महिन्याला हातात येतं त्यात भागतं, मुंबईत काय मिळणार माहीत नाही. आणि हे आयबीसी (२०१६ चा दिवाळखोरी कायदा) म्हणजे खरंच आयुष्यभराचं काम आहे की चार वर्षांची हवा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

---

रंकाळ्यावरून

हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी आम्ही काळे कोट घालून इतकी वर्षं रस्त्यावर बसलो, ऑगस्ट २०२५ मध्ये एकदाचं कोल्हापुरात सुरू झालं, आणि तुम्ही आता मुंबईची गाडी पकडताय! थांबा की जरा.

---

परळ ते फोर्ट

मूळ प्रश्नाला उत्तर देते. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते, म्हणजे सल्ला किती घ्यायचा ते ठरवता येईल. लालबागला वाढले. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गिरणी पुन्हा नीट उभी राहिलीच नाही. मी वकील झाले तेव्हा फोर्टात ज्या ऑफिसात जागा मिळाली तिथं कंपन्या गुंडाळण्याचं काम चालायचं. कंपनी ॲक्ट १९५६, कलम ४३३ आणि ४३४. २१ दिवसांची नोटीस द्यायची, पैसे आले नाहीत तर हायकोर्टात वाइंडिंग अप पिटिशन. पुढं ऑफिशियल लिक्विडेटर. मालमत्ता विकायला इतकी वर्षं जायची की कामगारांच्या यादीत नावापुढं "मयत, वारस हजर" असं लिहायचं काम ज्युनिअरकडं असायचं. ते मी केलंय. आणि कर्जबुडवी पार्टी हुशार असेल तर ती दिल्लीला बीआयएफआरकडं (आजारी कंपन्यांसाठीचं सरकारी मंडळ) जायची, कंपनी 'आजारी' घोषित करून घ्यायची, आणि वसुली रोखणाऱ्या कलम २२ च्या आडोशाला वर्षानुवर्षं निवांत बसायची. १ डिसेंबर २०१६ ला आजारी कंपन्यांचा तो कायदा रद्द झाला आणि त्याच दिवशी आयबीसीतली कंपन्यांची प्रक्रिया सुरू झाली.

पहिला मोठा निकाल आपल्या पुण्याच्या कंपनीचाच, इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज. आयसीआयसीआय बँकेनं अर्ज केला, जानेवारी २०१७ मध्ये मुंबई एनसीएलटीनं दाखल करून घेतला. कंपनीचं म्हणणं, राज्य सरकारनं आम्हाला १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग कायद्याखाली संरक्षण दिलंय, आमचं देणं स्थगित आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नाही, आयबीसी वरचढ. आणि हेही सांगितलं की व्यवस्थापन हातातून गेल्यावर जुने संचालक कंपनीच्या नावानं अपील चालवू शकत नाहीत. ज्यांनी बीआयएफआरचे दिवस पाहिलेत त्यांना त्या निकालाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. मालकाच्या हातातून कंपनी जाते, ही भीती या देशात त्यापूर्वी नव्हतीच.

आता तुमचं. तुम्हाला वाटतंय की मुंबईत जाऊन मोठ्या कोर्टात इंग्रजीत बोलायचंय. बोलायचं पाच मिनिटं असतं हो. हे काम वाचायचं आहे.

एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. भोसरीचा खोकी बनवणारा पुरवठादार. एका खाद्यपदार्थांच्या कंपनीकडं १ कोटी २० लाख अडकलेले. तो आला तोच "मॅडम, कलम ९ टाका" म्हणत, म्हणजे पुरवठादारानं थकबाकीसाठी एनसीएलटीत करायचा आयबीसीखालचा अर्ज. मी विचारलं, मालाबद्दल काही तक्रार? "एक तक्रार नाही. छातीवर हात ठेवून सांगतो." माझ्या ज्युनिअर मुलीनं त्याचं टॅलीतलं लेजर प्रिंट काढून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसली. जमेच्या बाजूला सगळ्या बँकेच्या एंट्री, आणि मध्येच दोन डेबिट नोटा (समोरच्यानं बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी). पहिलीच्या पुढं शेरा: "बर्स्टिंग स्ट्रेंथ कमी". तिनं फोन करून त्या तारखेच्या आसपासचे मेल मागवले. निघालं काय, समोरच्या परचेस मॅनेजरनं फाटलेल्या खोक्यांचे फोटो पाठवून दोन लॉट नाकारले होते. आपल्या माणसानं पहिली डेबिट नोट मान्य करून टाकली होती, दुसरीवर उत्तर दिलं होतं की तुमच्या गोदामात पाणी शिरलं त्याला मी काय करू. भांडण ३५ लाखांचं, नोटिशीच्या कितीतरी आधीचं, लेखी, फोटोसकट.

कलम ९ मध्ये अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं की समोरच्यानं वाद उपस्थित केल्याची नोटीस आलेली नाही. वाद आधीपासून असेल आणि तो निव्वळ बनाव नसेल तर अर्ज गेला, तो वाद शेवटी कोण जिंकेल हे ट्रिब्युनल बघत बसत नाही. मोबिलॉक्सचा निकाल, सप्टेंबर २०१७, तोंडपाठ करा. शिवाय ३५ लाख बाजूला काढले की उरले ८५, आणि मार्च २०२० पासून किमान थकबाकी १ कोटी लागते. म्हणजे दोन्हीकडून दार बंद.

मग केलं काय? त्याची उद्यम नोंदणी मालाच्या आधीची होती. सूक्ष्म-लघुउद्योगांच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं गेलो. तिथं थकबाकीवर बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरा. समोरच्या कंपनीच्या फायनान्सवाल्यानं कॅल्क्युलेटर चालवला असावा, कारण तडजोडीचा फोन त्यांच्याकडूनच आला. त्या प्रकरणात आम्ही एनसीएलटीच्या पायऱ्या चढलोच नाही, आणि माझ्या मते त्या वर्षातलं ते ऑफिसचं सगळ्यात चांगलं काम होतं.

म्हणून सूत व्यापाऱ्याची वही वाचता येणं ही तुमची कमाई आहे. काउंट काय, सायझिंगची मजुरी कशी लागते, पिकामागं (विणीतल्या आडव्या धाग्यामागं) पैसे कसे धरतात, "रेट डिफरन्स" म्हणून खात्यात काय काय लपवतात, हे मुंबईत वाढलेल्या आणि चकचकीत कॉलेजातून आलेल्या मुलांना शिकवताना माझा जीव जातो. तुम्हाला ते येतंय.

दुसरं, दिवाणीचा पाया सोडू नका. कमर्शियल कोर्ट ॲक्टमुळं खेळ बदललाय एवढंच. २०१८ पासून दाव्याच्या रकमेची किमान मर्यादा ३ लाखांवर आलीये, म्हणजे तुमच्या व्यापाऱ्यांचे निम्मे दावे त्यात बसतात. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. पाटील ऑटोमेशनचा निकाल ऑगस्ट २०२२ चा. त्यानंतर मध्यस्थीशिवाय टाकलेला दावा थेट फेटाळला जातो. प्रतिवादीची कैफियत समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांत, १२१ व्या दिवशी हक्क संपला. तालुक्याला कैफियतीसाठी तारखा मागायची सवय लागलेले चांगले चांगले वकील इथं भाजलेत.

मुदतीचंच एनसीएलटीत आणखी कडक. ऑर्डर कोर्टात सुनावली त्या दिवसापासून अपिलाचे ३० दिवस मोजायचे, वर जास्तीत जास्त १५. "साहेब, प्रत उशिरा मिळाली" हे चालत नाही, नागराजन प्रकरणात २०२१ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. माझ्या ऑफिसात नियम आहे: निकाल लागला की जेवायच्या आधी प्रमाणित प्रतीचा अर्ज. पार्टी अपील करणार की नाही ते नंतर बघू.

आणि हवा आहे का हा प्रश्न. २०२० आठवा. कोविडमध्ये कलम १०अ आणून २५ मार्च २०२० पासून वर्षभरातल्या थकबाकीसाठी दारच बंद केलं. फक्त आयबीसीवर जगणारी ऑफिसं रिकामी बसली. आम्ही लवादाचे अर्ज, समरी सूट, जुन्या दरखास्ती करत राहिलो, कारण ते आम्हाला येत होतं. पैसे बुडवणं काही बंद होणार नाही, ते वसूल करायचा कायदा मात्र दर दहा-वीस वर्षांनी कपडे बदलतो. माझ्याच डोळ्यांदेखत एकदा बदललेत.

इंग्रजीबद्दल: छोटी वाक्यं लिहा. कुणी, कधी, किती, कुठल्या कागदावरून. तारखांची यादी स्वच्छ असेल तर ट्रिब्युनलचे मेंबर अर्धा अर्ज तिथंच वाचतात. अलंकारिक इंग्रजीची मला तरी चीडच आहे.

पैशाबद्दल खोटं बोलत नाही. पहिली दोन वर्षं घरून मदत लागेल. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये शहरात ज्युनिअरला महिन्याला किमान २०,०००, ग्रामीण भागात १५,००० द्यावेत अशी शिफारस केलीये. शिफारसच ती. मोठ्या सॉलिसिटर फर्म बरंच जास्त देतात, पण तिथं २९ व्या वर्षी तालुक्यातून थेट शिरकाव अवघड. मधल्या आकाराचं, आठ-दहा वकिलांचं ऑफिस शोधा, जिथं तुम्हाला ड्राफ्ट करू देतील आणि लाल पेनानं रंगवून परत देतील.

तुमच्या भिवंडीच्या प्रकरणाचंही सांगून टाकते. केस कंपनीपुरतीच थांबलीये ना? चेकवर सही करणारा संचालक सुटलेला नाही. सुप्रीम कोर्टाचा मोहनराज निकाल, मार्च २०२१. त्याच्याविरुद्ध चालवा. आणि पार्टीचा क्लेम फॉर्म 'बी' मध्ये रिझोल्यूशन प्रोफेशनलकडं (प्रक्रियेच्या काळात कंपनी सांभाळायला नेमलेला माणूस) आजच्या आज भरा, व्याजाचा हिशेब जोडून.

---

डेक्कनचा व्हीसीवाला

परळ मॅडमचा मान ठेवून, थोडं पाणी ओततो.

कायद्यात लिहिलंय अर्ज १४ दिवसांत दाखल करून घ्यायचा की नाही ते ठरवा. माझे अर्ज दाखल होण्याच्या स्टेजलाच वर्ष-वर्ष पडून आहेत. पूर्ण प्रक्रिया ३३० दिवसांत, हेही कायद्यातच. जेट एअरवेज जून २०१९ मध्ये या प्रक्रियेत गेली, कंपनी वाचवायची योजना मंजूर झाली, वाद झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडीत काढायचा, आदेश दिला. मेंबरांच्या जागा रिकाम्या, बेंच अर्धा दिवस, बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) संपत नाही. तरुण वकिलानं ऐन उमेदीची वर्षं कफ परेडला एनसीएलटीच्या कॉरिडॉरमध्ये पासओव्हर (मॅटर थोड्या वेळानं घ्या) मागत काढायची?

त्यात कायदाही रोज हलतो. जुलै २०२२ मध्ये विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरच्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं की थकबाकी सिद्ध झाली तरी बँकेचा अर्ज घ्यायचा की नाही हा ट्रिब्युनलचा विवेक. बुटीबोरीच्या त्या एका वीज प्रकल्पावरून देशभरचे कर्जदार तो निकाल घेऊन नाचायला लागले. पुढच्या वर्षी कोर्टानंच सांगितलं की तो त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरता. मधल्या काळात माझ्या दोन पार्ट्यांचे जे हाल झाले ते झालेच.

मी पुण्यातून करतो, बरंचसं व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्स). इचलकरंजीतून का नाही? कोल्हापूरला कमर्शियल दावे टाका, मुंबईच्या एखाद्या ऑफिसशी टायअप करा, पार्टी तुमची, फाइल त्यांची. लग्न ठरतंय म्हणताय. मुंबईत भाड्याच्या खोलीत संसार सुरू करून पहिली दोन वर्षं घरून पैसे मागवायचे, हे मला तरी पटत नाही.

---

परळ ते फोर्ट

डेक्कनसाहेब, उशीर लागतो हे शंभर टक्के मान्य. पण व्हीसीवर तुमचं भागतं, कारण तुम्हाला तिथं लोक आधीपासून ओळखतात आणि काय मागायचं ते तुम्हाला माहीत आहे. नवख्याला स्क्रीनवर फक्त स्वतःचं मॅटर दिसतं. कोर्टात बसलं की इतरांची चाळीस दिसतात.

टायअपचंही सांगते. "पार्टी तुमची, फाइल त्यांची" यात शिकतो तो फाइलवाला.

आणि एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. इचलकरंजीतले किती देणेकरी कंपन्या आहेत? बहुतेक प्रोप्रायटरी नाहीतर भागीदारी. आयबीसीतली कंपन्यांची प्रक्रिया त्यांना लागूच नाही. व्यक्ती आणि भागीदारी फर्मसाठीचा भाग कायद्यात छापलाय, पण डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू केलाय. बाकीच्यांना अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज, आणि त्यातली किमान कर्जाची रक्कम किती आहे ठाऊक आहे? ५०० रुपये. शंभर वर्षं कुणी हात लावला नाही. सूतपेठेतल्या वकीलसाहेबांना विचारा, त्यांच्या सीनियरांनी नादारीचे अर्ज नक्की चालवले असतील.

---

सूतपेठेतला वकील

मॅडम, खरं आहे. सरांना विचारलं. कपाटातून ऐंशीच्या दशकातल्या नादारीच्या दोन फायली काढून दिल्या, कसर लागलेल्या. एकात माग, बॉबिन, सायकल अशी जंगम मालमत्तेची यादी आहे. सर म्हणाले, "हेच तुम्ही आता इंग्रजीत करणार आणि दहापट फी घेणार."

भिवंडीचा फॉर्म 'बी' भरला. पोच आली. संचालकाविरुद्ध चालवायचा मुद्दा मांडला, तारीख पडली.

आणखी एक विचारतो. रिझोल्यूशन प्रोफेशनल होणं हा वकिलासाठी मार्ग आहे का? त्याची परीक्षा असते असं ऐकलं.

---

औंधचा सीए

मी रिझोल्यूशन प्रोफेशनल आहे, याचं उत्तर मी देतो. परीक्षा आयबीबीआयची, म्हणजे दिवाळखोरी कायद्याच्या नियामक मंडळाची. वकिलाला दहा वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून आत्ता डोक्यातून काढून टाका. अनुभव नसलेल्यांसाठी मानेसरच्या संस्थेचा पदवी कार्यक्रम आहे, पण तुम्हाला वकिली करायचीये ना?

तरी हे काम जवळून बघा, कारण तुमची निम्मी मॅटर आमच्या टेबलावर जन्मतात. नेमणूक झाली की पहिल्या तीन दिवसांत जाहीर सूचना, फॉर्म 'ए', एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या पेपरात. मग क्लेम यायला लागतात. बँकांचे बाइंड केलेले गठ्ठे येतात. कामगारांचे फॉर्म 'डी' येतात ते कसे, तर ठाण्याच्या एका कारखान्याच्या वेळी माणसं जेवणाच्या सुट्टीत रांग लावून उभी, हातात पासबुक, पगाराच्या चिठ्ठ्या रबर लावून, एकाकडं हजेरीकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत. फॉर्म इंग्रजीत. रक्कम कोणती लिहायची ते कुणालाच माहीत नाही. बोनस धरायचा का, रजेचे पैसे धरायचे का. लिक्विडेशन झालं तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी बँकांच्या बरोबरीनं येतात, त्याआधीची खाली घसरतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंड तर लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरायचेच नसतात. हे त्या रांगेतल्या माणसाला मराठीत समजावून सांगणारा वकील त्या दिवशी माझ्याकडं एकच होता, आणि तो चंद्रपूरचा होता.

वकिलांबद्दल माझी एकच तक्रार. बॅलन्सशीट उघडत नाहीत. मुदत संपली म्हणून क्लेम फेटाळा असा युक्तिवाद करतात, आणि कंपनीच्या सही केलेल्या ताळेबंदात तेच कर्ज मान्य केलेलं असतं. तशी कबुली मुदत वाढवू शकते, एप्रिल २०२१ च्या बिशाल जयस्वाल निकालात हे आलंय. ताळेबंदाखालच्या टिपा आणि ऑडिटरचे शेरेही वाचायचे असतात, नाहीतर कबुलीला कुठं 'पण' लावलाय ते कळत नाही.

---

सातपूर एमआयडीसी

मी वकील नाही. जिग-फिक्स्चर बनवतो, बारा माणसं कामाला आहेत. तुमच्या या प्रक्रियेत माझे ४० लाख गेले म्हणून लिहितोय.

कंपनीचं नाव घेत नाही. ती आत गेली हे मला कळलं दुसऱ्या व्हेंडरकडून. पेपरात सूचना आली होती म्हणे, टेंडरच्या जाहिरातींच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. धावतपळत फॉर्म भरला, क्लेम मंजूर झाला. आनंद झाला. मग योजना आली. शंभराला दीड रुपया. त्या बिलांवरचा जीएसटी मी खिशातून भरलाय, तोच त्याच्या किती पट. मतदान बँकांचं, आम्हाला साधं बोलायलाही बोलावलं नाही. आणि तुम्ही लोक इथं करिअर म्हणून चर्चा करताय. वकिलांची फी मात्र पूर्ण निघाली असेल.

---

परळ ते फोर्ट

फी निघाली, हो. प्रक्रियेचा खर्च सगळ्यांच्या आधी मिळतो, आणि ट्रिब्युनलपुढचं रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या वकिलाचं बिल त्यातच बसतं. तुमचा राग रास्त आहे.

पुरवठादाराला योजनेत किमान काय मिळालं पाहिजे ते कायद्यात आहे: कंपनी मोडीत काढली असती तर जे मिळालं असतं तेवढं, किंवा योजनेची रक्कम कलम ५३ च्या उतरंडीनं वाटली असती तर जे आलं असतं ते, यातलं जास्त असेल ते. उतरंडीत तारण घेतलेल्या बँका वर. त्यांचंच पूर्ण भागत नसेल तर तुमच्यापर्यंत शून्य येतं, आणि शून्य देऊनही योजना कायदेशीर ठरते. एस्सार स्टीलच्या निकालात, नोव्हेंबर २०१९, कोर्टानं सांगितलं की सगळ्या धनकोंना सारखंच द्यायची सक्ती नाही, आणि बँकांच्या समितीच्या व्यापारी निर्णयात ट्रिब्युनलनं फार हात घालू नये. मला स्वतःला हा तोल पुरवठादारांवर अन्याय करणारा वाटतो. तो कायद्यातच बदलावा लागेल, माझ्या युक्तिवादानं बदलणार नाही.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी, फी न घेता. मोठी उधारी देण्याआधी कंपनी मंत्रालयाच्या साइटवर त्या कंपनीवर कुठल्या बँकांचे किती बोजे नोंदलेत ते बघा. बोजा गळ्यापर्यंत असेल तर तुमचा नंबर कुठं लागणार ते आधीच कळतं. आणि कंपनी प्रक्रियेत गेल्यानंतरही ते तुमच्याकडून माल मागत असतील, तर त्या तारखेनंतरची बिलं जुन्या खात्यात मिसळू देऊ नका. वेगळं खातं, वेगळी ऑर्डर, रिझोल्यूशन प्रोफेशनलची सही. तो प्रक्रियेचा खर्च धरला जातो. जुने ४० लाख बुडाले म्हणून नवी बिलंही त्याच वहीत टाकून बसलेले लोक मी पाहिलेत, आणि मग कुठलं बिल आधीचं, कुठलं नंतरचं यावरच सहा महिने जातात.

---

सातपूर एमआयडीसी

नंतरची बिलं आहेत. दोन. लेजर काढतो.

---

सूतपेठेतला वकील

सगळ्यांचे आभार. घरी बोललो. वडील म्हणाले वर्षभर बघ, सर म्हणाले लगेच जा. होणाऱ्या बायकोची नोकरी नवी मुंबईतच आहे, हे मी प्रश्नात लिहायला विसरलो होतो. डेक्कनसाहेब, भाड्याच्या खोलीचा प्रश्न त्यामुळं थोडा हलका झाला.

मॅडम, पुढच्या आठवड्यात मुंबईत येतोय, एनसीएलटीत नुसतं बसून बघायचंय. कसं करू? आणि मुलाखतीला गेलो तर काय घेऊन जाऊ?

---

परळ ते फोर्ट

आदल्या संध्याकाळी साइटवर बोर्ड लागतो, तो बघून या. एमटीएनएल बिल्डिंग, कफ परेड. आता मेट्रो तीन तिथपर्यंत येते, आम्ही चर्चगेटवरून शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहायचो. सकाळी लवकर मागच्या बाकावर बसा, मेन्शनिंग (तातडीची मॅटर सुरुवातीला कोर्टाच्या कानावर घालणं) चुकवू नका. तासभर एकाच कोर्टात बसा, कोर्टं बदलत फिरू नका. बोलणाऱ्याकडं बघू नका, त्याच्या शेजारी बसलेला ज्युनिअर कुठलं पान उघडून ठेवतो ते बघा. बाकी सगळं तिथंच कळेल.

मुलाखतीला कोऱ्या कागदावर छापलेला बायोडाटा सगळेच आणतात. तुम्ही स्वतः लिहिलेला एक दावा आणि त्यासोबतचा खातेउतारा न्या, पार्टीची नावं खोडून. मराठीतला असेल तर मराठीतलाच न्या. भाषांतर करत बसू नका.